जीटीएक्स १०६० की आरएक्स ५८०? जुन्या ग्राफिक्स कार्डांची तुलना करताना नेमकं काय बघायचं

नुसते आकडे पाहिले तर एएमडीच्या आरएक्स ५८० पुढे एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० टिकायलाच नको. ५८० च्या ८ जीबी आवृत्तीत २३०४ कोर (हिशेब करणारी छोटी युनिट्स), कागदोपत्री सुमारे ६.२ टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं, त्याचं माप), २५६ बिटची बस, म्हणजे मेमरीकडे जाणारा रस्ता, आणि त्यावरून डेटा वाहण्याचा वेग, म्हणजे बँडविड्थ, २५६ जीबी प्रति सेकंद. १०६० च्या ६ जीबी आवृत्तीत १२८० कोर, सुमारे ४.४ टेराफ्लॉप्स, १९२ बिट, १९२ जीबी प्रति सेकंद. म्हणजे टेराफ्लॉप्समध्ये चाळीस टक्क्यांचा फरक. प्रत्यक्षात १०८०पी वर गेम लावला की दोन्ही जवळपास खांद्याला खांदा लावून चालतात.

टेराफ्लॉप्सचा आकडा काढतात तो कोर गुणिले क्लॉक (कोरचा वेग) गुणिले दोन असा. प्रत्येक कोर प्रत्येक क्षणी कामात आहे हे त्यात गृहीत धरलेलं असतं आणि तसं कधीच होत नाही. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीचे (१०६० याच पिढीचं) कोर कमी वेळ रिकामे बसतात, मेमरीतला रंगांचा डेटा जास्त चांगला दाबला जातो आणि पिक्सेल लिहिणारी युनिट्स, म्हणजे आरओपी, १०६० मध्ये ४८ आहेत तर ५८० मध्ये फक्त ३२. त्यामुळे टेराफ्लॉप्सची तुलना एकाच पिढीतल्या, एकाच कंपनीच्या कार्डांत करा. त्याबाहेर त्या आकड्याचा उपयोग शून्य.

दुसरा मुद्दा प्रोसेसरचा, आणि बेंचमार्कच्या तक्त्यांत तो दिसत नाही, कारण चाचण्या बहुधा ताकदवान प्रोसेसरवर घेतलेल्या असतात. डायरेक्टएक्स ११ मध्ये (डायरेक्टएक्स म्हणजे गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा) एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या एकाच थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, जास्त भार टाकतो. जुन्या चार कोरच्या मशीनमध्ये ५८० बसवलं, तर कार्ड ६०-७० टक्केच वापरलं जातंय आणि फ्रेम मात्र वाढत नाहीत, असं दिसू शकतं. तिथे १०६० सरस. डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या नव्या दुव्यांवर चित्र उलटतं आणि ५८० पुढे जातं. तुमचे गेम कोणते, प्रोसेसर कोणता, यावर निवड करा.

आता नावांचा गोंधळ, कारण खरी फसगत इथे होते. जीटीएक्स १०६० ची ३ जीबी आवृत्ती म्हणजे फक्त मेमरी कमी केलेलं तेच कार्ड नव्हे. तिच्यात कोरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२. आरएक्स ५८० २०४८एसपी नावाचं कार्ड प्रत्यक्षात ५८० चं धाकटं भावंड आरएक्स ५७० आहे, स्टिकर वेगळा एवढंच. आरएक्स ५६० दोन प्रकारांत आलं, १०२४ कोरचं आणि ८९६ कोरचं, आणि खोक्यावर ते ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. सगळ्यात वाईट प्रकार एनव्हिडियाच्या जीटी १०३० चा. जीडीडीआर५ (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) आवृत्तीत बँडविड्थ ४८ जीबी प्रति सेकंद, नंतर आलेल्या डीडीआर४ (साधी पीसीची मेमरी) आवृत्तीत १६.८. नाव तेच, गेममधला वेग जवळपास अर्धा. गेमसाठी डीडीआर४ आवृत्ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

जीटीएक्स ९७० ची गोष्टही अशीच. ४ जीबी पैकी ३.५ जीबी पूर्ण वेगाची, उरलेली ०.५ जीबी खूपच संथ, आणि आरओपी सुरुवातीला सांगितलेल्या ६४ नाहीत तर ५६. ताकदीत ते १०६० च्या थोडंच मागे आहे, पण हल्लीचे गेम ३.५ जीबी सहज ओलांडतात. मेमरी संपली की कार्ड मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या स्लॉटच्या, वाटेने डेटा ओढतं. ती वाट ३.० च्या सोळा लेनवरही सुमारे १६ जीबी प्रति सेकंदाची. सरासरी फ्रेम ठीक दिसतात, मात्र मध्येच झटके बसतात. म्हणून तक्ता वाचताना सरासरीपेक्षा १ टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा रकाना आधी बघा.

जीटीएक्स १०५० टीआय (७६८ कोर, ४ जीबी, १२८ बिट) १०६० च्या साधारण ५५-६० टक्के वेग देतं. त्याचं एकच मोठं बळ: ७५ वॅटमध्ये भागतं, त्यामुळे बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. कंपनीच्या जुन्या ऑफिस पीसीसाठी याहून सोपं उत्तर नाही. बाकीच्यांचा हिशेब असा: १०६० ला १२० वॅट आणि सहसा एक ६-पिन पॉवर केबल, ५८० ला १८५ वॅट आणि ८-पिन. साटा केबलवरून (हार्ड डिस्कला वीज देणारी केबल) ६-पिन बनवणारा अ‍ॅडॉप्टर वापरू नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॅटपर्यंतच पेलतो, ६-पिन ७५ वॅटपर्यंत ओढते. प्लास्टिक वितळतं.

वापरलेलं कार्ड हातात आलं की आधी जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडा. कोरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी वरच्या आकड्यांशी जुळते का ते बघा. १०५० टीआयच्या नावाने फर्मी या खूप जुन्या पिढीची चिप विकली जाते. अशा कार्डाच्या नावापुढे जीपीयू-झेड फेक असं दाखवतं. कार्डावर व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथेच थांबा, पास्कल चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही.

५७० किंवा ५८० मायनिंगमधून (क्रिप्टोकरन्सी मिळवण्यासाठी दिवसरात्र चालवलेलं) आलेलं असेल तर बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेला मूळ प्रोग्राम, बदललेला असण्याची शक्यता मोठी. ५८० ची मेमरी मूळ २००० मेगाहर्ट्झवर चालते. आकडा बराच वर आणि कोरचा क्लॉक मुद्दाम खाली ओढलेला दिसला तर बायोस बदललेला आहे हे समजून घ्या. अशा बायोसची डिजिटल सही जुळत नाही, त्यामुळे ड्रायव्हर टाकूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये एरर ४३ येतो. उपाय मूळ बायोस परत फ्लॅश करण्याचा (कार्डात पुन्हा लिहिण्याचा), पण तो त्याच मॉडेलचा आणि त्याच मेमरी कंपनीचा (सॅमसंग, हायनिक्स, मायक्रॉन वगैरे) हवा. काही कार्डांवर दोन बायोसचा छोटा स्विच असतो, आधी तो सरकवून पाहा.

मग युनिजिन हेवन किंवा सुपरपोझिशन ही कार्डावर ताण देणारी चाचणी २०-३० मिनिटं चालवा. रंगीत चौकोन किंवा ठिपके उमटले तर बहुधा मेमरी गेली, थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) बदलून ते बरं होत नाही. १०६० चं तापमान ८३ अंशांना टेकून क्लॉक घसरत असेल तर मात्र पेस्ट वाळली आहे किंवा पंखा थकला आहे, आणि ते दुरुस्त होतं. चिपभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू तिरके-तिरके, थोडे थोडे सैल करा, पंख्याची वायर ओढून तोडू नका, जुनी पेस्ट ९० टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बदलणार असाल तर जुन्याची जाडी मोजून तेवढीच घ्या. जाड पॅड बसवला की हीटसिंक चिपला टेकत नाही आणि तापमान पहिल्यापेक्षा वाढतं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत कोणाचीच बाजू भक्कम नाही. ९७०, १०५० टीआय आणि १०६० चे गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, सुरक्षा अपडेट २०२८ पर्यंत. एएमडीनेही ५७० आणि ५८० चा ड्रायव्हर वेगळ्या फाट्यावर नेला आहे. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं) हार्डवेअर सक्तीचं असलेले गेम यांतल्या एकावरही चालणार नाहीत. तेवढं मान्य असेल तर माझं मत ८ जीबीच्या, पूर्ण २३०४ कोरच्या ५८० ला, पॉवर सप्लाय आणि प्रोसेसर पेलणार असेल तर. नाहीतर ६ जीबीचं १०६०. ५७० घ्यायचंच तर तेही ८ जीबीचं. ३ जीबीच्या १०६० चं नाव यादीतून काढून टाका.