कडकनाथ की असील: तुरा कुणाचा खरं बोलतो?

कोंबड्यांची शुद्ध जात राखायची तर आधी तुरा बघा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला (मांसाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, 2018) एकेरी, दातेरी तुरा असतो. असीलला वाटाणा तुरा, म्हणजे डोक्याला चिकटलेल्या तीन बुटक्या रांगा, मधली जरा उंच.

वाटाणा तुरा प्रबळ, एकेरी अप्रबळ, म्हणजे वाटाण्याचा गुण एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, एकेरीचा दडून राहतो. म्हणून कडकनाथात असीलचा संकर झाला तर पहिल्याच पिढीत तुरा बसका होतो आणि चोरी पकडली जाते. काळ्या रंगावर मात्र जाऊ नका, संकरित पिल्लंही काळपट निघतात. उलट असीलमध्ये भेसळ लपते. नर-मादी दोघेही दिसायला अस्सल, पण दोघांत एकेरीचा गुण दडलेला असला की साधारण चारातलं एक पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघतं. ते एक निघालं की दोष आई-बाप दोघांचाही. जोडी बाद करायची, कितीही जीव असला तरी.

कडकनाथची खोड वेगळी: तुऱ्याच्या बाजूला गव्हाच्या दाण्याएवढा फुटवा. कोंबडा काखेत धरून बोट फिरवलं की लागतो. असा नर पैदाशीला नको.

नवख्याने कडकनाथच घ्यावा, त्यात असीलची भेसळ लपत नाही. असीलचे नर एकमेकांना फोडतात, खुराडी वेगळी लागतात, ते निराळंच.