पोर्टेबल हार्ड डिस्क, आठ महिन्यांनंतर: डिस्क चांगली, घाई माझी

साताऱ्यात माझं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं छोटं काम आहे. गेल्या नोव्हेंबरात, तुळशीचं लग्न लागायच्या आत, २ टीबीची अडीच इंची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. रोज तीन-चारदा ती लॅपटॉपला लागते आणि निघते. वेग, रंग, वॉरंटी यावर सगळेच लिहितात. मी लावण्या-काढण्यावर लिहितोय, कारण माझं नुकसान झालं ते तिथेच.

आधी लावण्याचं. या डिस्कला वेगळा अडॅप्टर नाही, वीज यूएसबीतूनच घेते. यूएसबी ३.० चा पोर्ट ९०० मिलिअँपिअरपर्यंत देतो, जुना २.० चा ५०० पर्यंत. सुरुवातीला मी ती चार तोंडांच्या स्वस्तातल्या हबला लावायचो, शेजारी माउस आणि कार्ड रीडर. डिस्क फिरायला लागायची, टिक-टिक करायची आणि गायब व्हायची. वाटलं, डिस्कच फॉल्टी आली. थेट लॅपटॉपला लावली तर आवाज नाही की काही नाही. तेव्हापासून हबवर माउस, डिस्क कधीच नाही.

आणखी एक गंमत. पिन हळूहळू सरकवली की वेग पडतो. निळ्या पोर्टमध्ये २.० च्या पट्ट्या आधी टेकतात, ३.० च्या नंतर. रेंगाळलात की लॅपटॉप पहिल्या पट्ट्यांवरच ओळख करून घेऊन मोकळा. मग जिथे सेकंदाला ११० एमबी जायला हवेत तिथे ३५-४० वर गाडी अडते. पिन सरळ धरून एका दमात आत घालायची. वस्तू हळू हाताळ म्हणणाऱ्या आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.

आता काढण्याचं. फेब्रुवारीत मुहूर्तांची रांग लागली होती. कराडचा एक व्हिडिओ एडिटर दोन दिवसांसाठी डिस्क न्यायला आला होता. तो मॅकवर काम करतो. मॅक एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) डिस्क वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणून मी ती दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट मांडणीत फॉरमॅट केली होती. कॉपीची खिडकी बंद झाली, तो दारात उभा. "दादा, झालं ना? एसटी चुकेल." मी केबल ओढली. डिस्कवरचा पांढरा दिवा तेव्हा लुकलुकत होता. दिसला होता मला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: "हळदीचा फोल्डर उघडत नाही."

झालं असं की कॉपी संपली म्हणून विंडोजने सांगितलं, तरी शेवटचा माल अजून मेमरीतच होता, डिस्कवर उतरायचा होता. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी मूळ सेटिंग 'क्विक रिमूव्हल' असतं, म्हणजे असा माल साठवून ठेवत नाहीत. पण मी कुणाचा तरी व्हिडिओ बघून ते 'बेटर परफॉर्मन्स' करून ठेवलं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पॉलिसीज' उघडलं की हे दिसतं. आता परत 'क्विक रिमूव्हल'वर आहे आणि ४०-५० जीबी टाकताना मला तरी फरक जाणवत नाही. त्यात एक्सफॅटला एनटीएफएससारखी बदलांची नोंदवही नसते. लिहिता लिहिता वीज गेली की कुठपर्यंत आलो होतो, हे त्याला मागे वळून बघता येत नाही.

मी घाबरून थेट चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन, चालवलं. डिस्कवर 'फाउंड' नावाचा फोल्डर तयार झाला आणि त्यात नुसते नंबर असलेल्या फायली. कुठली हळद, कुठली वरात, काही कळेना. जे उघडत होतं ते आधी दुसऱ्या डिस्कवर काढून मगच दुरुस्तीला हात घालायला हवा होता. कॅमेऱ्याची कार्डं अजून पुसली नव्हती म्हणून अब्रू वाचली. सिलेक्शनची दोन रात्रींची मेहनत मात्र गेली.

बरेच जण म्हणतात, क्विक रिमूव्हल असेल तर इजेक्ट करायची, म्हणजे आधी विंडोजला सांगून डिस्क सोडवायची, गरजच नाही. पेन ड्राइव्हचं ठीक आहे, त्यात फिरणारं काही नसतं. यात तबकड्या फिरत असतात आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावर केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. केबल ओढली की तबकड्यांच्या उरलेल्या गतीतूनच वीज करून डिस्क ते हेड कसंबसं बाजूला नेते. हे वाचवणं आहे, रोजची सवय नव्हे. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये माझी डिस्क याचा हिशेब दाखवते, 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट' या नावाने. (आकडे आधी सोळाच्या पद्धतीत दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्या.) मार्चमध्ये पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथे ६१ होते. एकसष्ट वेळा मी तिला दचकवलं होतं. आता ६६ आहेत. इजेक्ट म्हणायचं, डिस्कवर बोट ठेवायचं, थरथर थांबली की केबल काढायची. मला दहा-बारा सेकंद लागतात.

इजेक्ट होत नसेल तर? "डिव्हाइस वापरात आहे" हा मेसेज सगळ्यांनाच छळतो. बघायला गेलो तर दर वेळी कुणीतरी खरंच धरून बसलेलं असतं. माझ्याकडे ते फोटोशॉप होतं. सी ड्राइव्ह भरली म्हणून मीच स्क्रॅच डिस्क (फोटोशॉपची तात्पुरत्या फायलींची जागा) बाहेरच्या डिस्कवर नेली होती. फाइल बंद केली तरी फोटोशॉप चालू असेपर्यंत त्याची तात्पुरती फाइल तिथेच. गुन्हेगार शोधायचा तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टम' लॉग उघडा आणि 'कर्नल-पीएनपी'ची २२५ नंबरची नोंद बघा. कुठल्या प्रोग्रॅमने अडवलं त्याचं नाव तिथे सरळ लिहिलेलं असतं. तेही जमलं नाही तर लॅपटॉप पूर्ण शटडाउन करायचा, दिवा विझू द्यायचा, मग काढायची. झाकण मिटून स्लीपमध्ये गेलेला लॅपटॉप म्हणजे बंद लॅपटॉप नव्हे. त्याला वाटतं, डिस्क अजून जागेवरच आहे.

एकदम दीड-दोनशे जीबी टाकले की वेग मध्येच २५ एमबीवर येतो आणि कॉपी संपल्यावरही दिवा थोडा वेळ आपला आपण लुकलुकतो. ही एसएमआर प्रकारची डिस्क आहे, म्हणजे हिच्यात डेटाच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात; त्यामुळे तिचं आतलं आवरणं चालू असतं. मी तोवर चहा घेऊन येतो.

तक्रार एकच, डिस्कच्या बाजूच्या चपट्या रुंद पिनेची. आठ महिन्यांत ती ढिली पडली. मार्चनंतर ६१ चे ६६ झाले, त्या पाच दचक्यांतले तीन हिच्यामुळेच, टेबलाला धक्का लागला आणि डिस्क गेली. केबल बदलली, १५० रुपये गेले, थोडा फरक पडला. खेळ सॉकेटमध्ये आहे. सध्या केबलला रबरबँडचा वेढा देऊन ती डिस्कलाच बांधून ठेवलीय. दिवाळीनंतर लग्नं सुरू व्हायच्या आत टाइप-सी तोंडाची दुसरी घेणार, आणि हिच्यावर नुसते जुने अल्बम ठेवणार.