राइडिंग मोअरसाठी (बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) एसएई ३०: उन्हाळ्यात हेच तेल
ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीच्या एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) इंजिनाला उन्हाळ्यात साधं एसएई ३० उत्तम. पारा ४ अंशांखाली गेला की मात्र ते घट्ट होतं आणि इंजिन लवकर सुरू होत नाही. १०डब्ल्यू-३० तेल थंडीत चांगलं, पण २७ अंशांच्या वर इंजिन तेल जास्त खातं. त्यामुळे डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) सारखी बघावी लागते. वर्षभर एकच डबा हवा, तर सिंथेटिक ५डब्ल्यू-३० घ्या, महाग असलं तरी.

व्ही-ट्विनला (दोन सिलिंडरच्या इंजिनाला) साधारण १.९ लिटर लागतं. मोअर सपाट जागी लावा, दीड लिटर ओतून थांबा, मिनिटभराने डिपस्टिक पुसून बघा, मग थोडं थोडं घाला. खुणेच्या वर गेलं की तेल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरमध्ये शिरतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.