केमोसाठी घेतलेले जेलचे थंड हातमोजे: काही महिन्यांच्या वापरानंतर

हातांची नखं वाचली, पायांची नाही. नखांना इजा करणारं माझं केमोचं औषध, डोसेटॅक्सेल, संपून काही महिने झाले आहेत. हे मोजे घ्यावेत का असं कुणी विचारलं तर मी ठामपणे हो म्हणेन. मी ते फक्त हातांना घातले होते. पायांच्या अंगठ्यांची नखं तपकिरी झाली, खाली रक्त साकळलं आणि पुढून सुटत गेली. चादरीचा धागा अडकला तरी जीव कळवळायचा. म्हणून घेताना पायमोज्यांसकट संच घ्या.

थंडीने बोटांच्या टोकांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तेवढ्या वेळात नखाच्या मुळाशी औषध कमी पोचतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात ४५ रुग्णांच्या फक्त उजव्या हाताला मोजा घातला होता. उघड्या हाताच्या नखांना ५१ टक्के जणांत इजा झाली, मोज्यातल्या हाताच्या ११ टक्के जणांत. हे आकडे वाचूनच मी मोजे घेतले.

वापरणं सोपं नाही. औषधाआधी १५ मिनिटं, सलाईन चालू असताना तासभर आणि नंतर १५ मिनिटं, असा दीड तास हात आत. पाऊण तासात जेल मऊ पडतं, म्हणून गोठवलेली दुसरी जोडी हवीच. सुरुवातीला हाडापर्यंत कळ जाते, मग बोटं बधिर होतात. आत पातळ सुती मोजे घाला, नाहीतर थंडीने कातडीला इजा होते. पाणी पाजायला, नाक पुसायला शेजारी आपलं माणूस लागतं. माझ्या बहिणीने ते सगळं केलं.

तक्रार एकच, अंगठ्याची जागा ढगळ आहे. तिथे जेल नीट टेकत नाही आणि माझ्या अंगठ्यांच्याच नखांवर आडव्या खाचा उमटल्या. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खाचा हळूहळू टोकाकडे सरकताहेत. पायांच्या नखांना वर्ष-दीड वर्ष लागेल.

ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर हे मोजे नकोत, त्या औषधात गारव्यानेच मुंग्या आणि वेदना वाढतात. थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. नखाखाली पू, ठणका किंवा ताप आला तर घरगुती उपाय करत न बसता लगेच दवाखान्यात फोन करा. पांढऱ्या पेशी कमी असताना छोटासा संसर्गही झपाट्याने पसरतो.