खोटं सांगून युद्ध झालं, तर हिशेब कुठे मागायचा? चार वाटांची तुलना

आमच्या गावच्या वाचनालयातलं अभ्यास मंडळ सध्या खासदारांना द्यायच्या एका निवेदनाचा मसुदा करतंय. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्याने फुगवलेली किंवा चुकीची माहिती देऊन देशाला युद्धात नेलं, तर त्याचा जाब कोणी, कुठे आणि किती मुदतीत द्यायचा, याची तरतूद कायद्यात असावी, एवढाच त्याचा विषय. मुख्य मागणी एकच ठेवायची, हे ठरलंय. ती कोणती, यावर मात्र एकमत नाही. काहींना चौकशी आयोग हवा आहे, काहींना संसदेतली कारवाई. भरतीची तयारी करणारी पोरं म्हणतात, थेट कोर्टात उभं करा. आणि दोघं-तिघं ठाम आहेत, "पाच वर्सांनी मत आपल्याच हाती हाये, बाकी कायले पाहिजे?"

हा प्रश्न दिल्लीच्या लोकांचा आहे, असं मी मानत नाही. कोरडवाहू कपाशीवर घर चालत नाही, म्हणून आमच्याकडची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. फौज, निमलष्करी दल, पोलीस, जिथे लागेल तिथे लागायचं. युद्धाचा निर्णय कुठेही झाला तरी त्याची पहिली किंमत अशाच घरांतून वसूल होते. म्हणून निवडणाऱ्यांसाठी चारही वाटा शेजारी शेजारी ठेवतो, आणि माझा कौल कुठे आहे तेही सांगतो.

दाखले बहुतेक परदेशातले आहेत, कारण या विषयाची सगळ्यांत खोलवर तपासणी झाली ती इराकच्या बाबतीत. सद्दाम हुसेनकडे महासंहारक अस्त्रं आहेत, हे युद्धाचं मुख्य कारण सांगितलं गेलं. २४ सप्टेंबर २००२ रोजी ब्रिटिश सरकारने एक दस्तऐवज काढला, त्यात ही अस्त्रं ४५ मिनिटांत डागता येतील असा दावा होता. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पुरावे म्हणून चित्रं आणि ध्वनिफिती मांडल्या. १८ मार्चला ब्रिटिश संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी दिली आणि २० मार्चला हल्ला झाला. पुढे अमेरिकेच्याच शोधपथकाने २००४ मध्ये सांगितलं की असे साठे नव्हतेच. ब्रिटनचे १७९ आणि अमेरिकेचे सुमारे साडेचार हजार सैनिक गेले. इराकी नागरिक किती मेले याचे आकडे वेगवेगळे आहेत, पण अगदी सावध मोजणीही लाखाच्या वर जाते.

चौकशी आयोग

ब्रिटनमध्ये सर जॉन चिल्कॉट यांची चौकशी २००९ मध्ये नेमली गेली आणि अहवाल आला ६ जुलै २०१६ रोजी. बारा खंड, सुमारे २६ लाख शब्द. युद्ध सुरू झाल्यापासून तेरा वर्षं लोटली होती. इतका वेळ लागण्याची दोन मोठी कारणं होती. युद्धाच्या वेळचे ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यातला पत्रव्यवहार उघड करायचा की नाही, यावर सरकारी खात्यांशी वाद चालला. शिवाय ज्यांच्यावर ठपका येणार त्यांना आधी मसुदा दाखवून म्हणणं मांडायची संधी देण्याची प्रथा आहे, त्यात महिनेच्या महिने गेले. २०१५ मध्ये तर मेलेल्या सैनिकांच्या कुटुंबांनी उशिराबद्दल कोर्टात जाण्याचा इशारा दिला होता.

पण हाती आलं ते लहान नाही. शांततेचे मार्ग संपलेले नसताना ब्रिटन युद्धात उतरलं, आणि धोक्याबद्दल जी खात्री जनतेला सांगितली गेली तिला पुराव्याचा तेवढा आधार नव्हता, हे सरकारनेच नेमलेल्या समितीने लिहून दिलं. काही झालं तरी मी तुमच्या सोबत असेन, असं ब्लेअर यांनी बुश यांना जुलै २००२ मध्येच, म्हणजे संसदेच्या मतदानाच्या आठ महिने आधी कळवलं होतं. ती चिठ्ठी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. युद्ध कायदेशीर होतं का, यावर निकाल देणं आपलं काम नाही, असं समितीने आधीच स्पष्ट केलं होतं. आपल्याकडे गारपिटीनंतर पंचनामा होतो तसंच हे. नुकसान कागदावर येतं, भरपाईची लढाई वेगळी.

सगळीकडे सात वर्षं लागतात असंही नाही. नेदरलँड्समध्ये डेव्हिड्स आयोगाने वर्षभराच्या आतच, जानेवारी २०१० मध्ये अहवाल दिला आणि या हल्ल्याला आंतरराष्ट्रीय कायद्याचा पुरेसा आधार नव्हता, असं सांगितलं.

आपल्या देशातले दोन अहवाल एकमेकांशेजारी ठेवून पाहा. यातला कुठलाच फसवणुकीबद्दल नाही, दोन्ही सैन्य आणि शासन कुठे कमी पडलं याबद्दल आहेत. पण निवड करताना मला हीच जोडी सगळ्यांत उपयोगी वाटते. १९६२ च्या पराभवानंतर हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अधिकाऱ्यांनी अहवाल तयार केला. सरकारने तो आजवर प्रसिद्ध केलेला नाही. ज्येष्ठ पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात तो मागितला, तेव्हा २०१० मध्ये केंद्रीय माहिती आयोगानेही नकार दिला. उलट कारगिलनंतर जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांची समिती नेमली, डिसेंबरात तिचा अहवाल आला आणि फेब्रुवारी २००० मध्ये तो संसदेत ठेवला गेला. काही भाग झाकलेला होता, कोणा एकावर जबाबदारी निश्चित झाली नाही, तरीही देशाने तो वाचला आणि त्यातून गुप्तचर व्यवस्थेत बदल झाले. दोन्ही अहवालांना काही महिनेच लागले होते. एक लोकांसमोर आला आणि दुसरा कुलपात राहिला, कारण दोन्ही वेळा ते त्या त्या सरकारच्या मर्जीवर होतं. मला हीच मर्जी काढून घ्यायची आहे.

आमच्या मंडळातले एक माजी सैनिक काका फार बोलत नाहीत. परवा एवढंच म्हणाले, "खुर्चीचं काय व्हते ते मंग पाहू. आपलं पोट्टं कायले धाडलं, ते तं कागदावर दाखवा." ज्यांच्या मनात हा प्रश्न आहे, त्यांची वाट चौकशीचीच.

संसदेतली कारवाई

चौकशीच्या मानाने ही वाट झटपट आणि धारदार दिसते. मंत्र्याने जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली तर त्याने पद सोडावं, असा ब्रिटनमध्ये संकेत आहे. अनुभव काय सांगतो? २००४ मध्ये अ‍ॅडम प्राइस या वेल्श खासदाराने ब्लेअर यांच्यावर महाभियोगाची मोहीम काढली, ती पुढे सरकलीच नाही. अमेरिकेत डेनिस कुसिनिच या खासदाराने जून २००८ मध्ये बुश यांच्याविरुद्ध ३५ कलमांचा महाभियोग मांडला. तो समितीकडे गेला आणि तिथेच राहिला. चिल्कॉट अहवाल हाती आल्यावरही, नोव्हेंबर २०१६ मध्ये, ब्लेअर यांनी संसदेला काय सांगितलं याची संसदीय समितीने तपासणी करावी, हा प्रस्ताव ४३९ विरुद्ध ७० मतांनी पडला.

याच्याशेजारी त्याच सभागृहातली २०२३ ची घटना ठेवा. कोरोनाच्या टाळेबंदीत पंतप्रधानांच्या निवासस्थानी झालेल्या मेजवान्यांबद्दल बोरिस जॉन्सन यांनी संसदेची दिशाभूल केली, असा निष्कर्ष विशेषाधिकार समितीने काढला, आणि सभागृहाने तो ३५४ विरुद्ध ७ मतांनी मान्य केला. म्हणजे हत्यार बोथट नव्हतं. मेजवानीबद्दल ते चाललं, युद्धाबद्दल उचलायलाच कोणी तयार झालं नाही. याचं कारण मला असं दिसतं की मेजवानीत खासदारांचा हात नव्हता, युद्धाला मात्र त्यांच्यातल्याच बहुतेकांनी हात वर केला होता.

आपल्याकडे अडचण आणखी मोठी. घटनेच्या कलम ६१ नुसार महाभियोग राष्ट्रपतींवर चालतो, पंतप्रधानांवर नाही. पंतप्रधानांविरुद्ध अविश्वास ठराव आहे, सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंग आहे. चीन युद्धानंतर, ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला, तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. आणि १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. १८ मार्च २००३ रोजी ब्रिटनच्या सत्ताधारी मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी युद्धाच्या ठरावावर स्वतःच्या सरकारविरुद्ध आलेल्या दुरुस्तीला मत दिलं आणि ते खासदार राहिले. आपल्याकडे पक्षादेश मोडून असं मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. बहुमतातल्या सरकारने फसवलं, तर त्याच बहुमताकडे न्याय मागायचा, अशी ही वाट आहे. ती बंद करा असं मी म्हणत नाही. मुख्य मागणी म्हणून तिच्यावर विसंबू नये, एवढंच.

कोर्ट

पोरांचा राग मला समजतो, पण इथे थोडक्यातच सांगावं लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गमध्ये आक्रमक युद्ध पुकारणं हा गुन्हा मानून जर्मन नेत्यांवर खटले चालले. ते हरलेल्या देशाचे नेते होते. इराकच्या एका माजी सेनापतीने ब्लेअर यांच्यावर खाजगी खटला चालवू द्यावा असा अर्ज केला, तर २०१७ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण आक्रमणाचा गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातच नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला या गुन्ह्याचा अधिकार मिळाला तो जुलै २०१८ पासून, आणि भारत त्या न्यायालयाचा सदस्य नाही. ही मागणी करायची तर आधी आंतरराष्ट्रीय करारावर सही मागावी लागेल. आमच्या खासदारांच्या हातातली ही गोष्ट नाही.

खरं सांगणाऱ्यांवर मात्र खटले लवकर उभे राहिले, हे पोरांनी लक्षात ठेवावं. ब्रिटनच्या कॅथरीन गन यांनी युद्धाआधीच्या हेरगिरीचा ईमेल फोडला, त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला; २००४ मध्ये सरकारी पक्षाने खटला मागे घेतला. डेन्मार्कच्या फ्रँक ग्रेविल या गुप्तचर अधिकाऱ्याने अस्त्रांबद्दलचे अहवाल पत्रकारांना दिले, त्यांना तुरुंगवास झाला. आपल्याकडे जागल्यांच्या, म्हणजे आतली गैरकृत्यं उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण त्याची अंमलबजावणी सुरू झाली नाही, आणि १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा मात्र चालू आहे. निवेदनात दुसरी मागणी घ्यायची वेळ आली, तर मी ही घेईन.

मतपेटी

बुश नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा निवडून आले, ब्लेअर मे २००५ मध्ये. स्पेनमध्ये सत्ताधारी पक्ष मार्च २००४ मध्ये हरला आणि नव्या सरकारने सैन्य परत आणलं. पण मतदानाच्या तीन दिवस आधी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले होते आणि सरकारने त्याचं खापर चुकीच्या संघटनेवर फोडलं होतं, म्हणून तो निकाल एकट्या इराकचा म्हणता येत नाही. सगळ्यांत बोलका दाखला व्हिएतनामचा. टॉन्किनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर हल्ले झाले असं सांगून ऑगस्ट १९६४ मध्ये अमेरिकी संसदेकडून लष्करी कारवाईची मुभा देणारा ठराव मंजूर करून घेतला गेला. त्यातला दुसरा हल्ला झालाच नव्हता. सिनेटमध्ये फक्त दोघांनी विरोध केला, वेन मॉर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. १९६८ मध्ये दोघांनीही आपली जागा गमावली. निवडणुकीत बियाणं, भाव, वीज, जात, रस्ता असं सगळं एकाच बटणात दाबावं लागतं, त्यात युद्धाचा हिशेब वेगळा निघत नाही.

माझा कौल

चौकशी. पण आज आहे तशी नाही. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात सरकारला वाटलं तर आयोग नेमता येतो, आणि संसदेने ठराव केला तर नेमावाच लागतो. म्हणजे पुन्हा बहुमताचीच मर्जी. अहवाल सहा महिन्यांत सभागृहात ठेवावा असं त्यात आहे, पण ती मुदत अहवाल सरकारच्या हाती पडल्यापासून मोजली जाते. आयोगाला मुदतवाढ किती वेळा द्यायची, यावर बंधन नाही.

यात व्यवहाराचाही भाग आहे. पंतप्रधानांवर महाभियोग आणायला घटनादुरुस्ती लागेल, कोर्टाला आंतरराष्ट्रीय करार. चौकशीला मात्र साध्या कायद्यातली दुरुस्ती पुरते, आणि तसं खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, आमचे खासदार स्वतः मांडू शकतात. ते मंजूर होईल अशी आशा मी दाखवणार नाही, १९७० नंतर एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही. पण मांडलं की ते सभागृहाच्या नोंदीत येतं आणि पुढच्या खासदाराला त्याच कागदापासून सुरुवात करता येते.

ज्यांना मुळात शिक्षाच हवी आहे, त्यांनी हक्कभंगाच्या बाजूने मत द्यावं. मात्र कागद उघड झाल्याशिवाय दिशाभूल सिद्ध होत नाही, म्हणून त्यांनाही आधी चौकशीच लागेल.

आणि एक भर मला घालायची आहे, ती आपल्याच वर्धा जिल्ह्याच्या इतिहासातली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कोणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात बसली आणि या युद्धाचे उद्देश आधी जाहीर करा, अशी मागणी तिने इंग्रज सरकारकडे केली. समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तेव्हा प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पुढे १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला, आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. कारण आधी सांगा, ही मागणी इथे नवी नाही.

त्यामुळे मसुद्यात मी असं वाक्य सुचवतो: युद्धाची किंवा परदेशी लष्करी मोहिमेची कारणं सरकारने लेखी स्वरूपात संसदेसमोर ठेवावीत, मोहीम संपल्यापासून सहा महिन्यांत, ठरावाची वाट न पाहता, ती कारणं तपासणारा आयोग आपोआप नेमला जावा, त्याने दोन वर्षांत अहवाल द्यावा, एकदाही मुदतवाढ नसावी, आणि जो भाग झाकायचा तो का झाकला, हे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने तपासावं. मंडळाच्या बैठकीत यावर हरकती येतील, विशेषतः दोन वर्षांच्या मुदतीवर. मुदत अडीच वर्षांची करा, माझी हरकत नाही. मुदतवाढीची सोय मात्र ठेवू नका.