'प्लीज प्लीज मी': मोनो ऐकावा की स्टिरिओ?

बीटल्स या ब्रिटिश बँडचा हा पहिला अल्बम 22 मार्च 1963 रोजी मोनोत (दोन्ही कानांत एकच आवाज) आला, स्टिरिओ (डाव्या-उजव्या कानात वेगवेगळा आवाज) त्यानंतर. पहिल्यांदाच ऐकणार असाल तर मोनोच लावा, असं मी ठामपणे सांगेन.

कारण ध्वनिमुद्रणातच आहे. टेपवर दोनच ट्रॅक होते: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज. हेतू असा की नंतर त्यांचा तोल साधून एकजीव मोनो बनवायचा. स्टिरिओत हे दोन ट्रॅक डावी-उजवीकडे वाटले गेले. हेडफोनवर डाव्या कानात गिटार-ड्रम, उजव्यात गाणारे. बँड मधोमध चिरल्यासारखा वाटतो. मोनोत मात्र पहिल्या गाण्याच्या सुरुवातीचं पॉल मॅकार्टनीचं 'वन, टू, थ्री, फोर' संपताच चौघं एकदम अंगावर येतात. 'लव्ह मी डू'चा तर मूळ दोन ट्रॅकचा टेपच उरला नव्हता, म्हणून तिथला स्टिरिओ मोनोवरूनच तयार केलेला.

मग स्टिरिओ टाकाऊ का? मुळीच नाही. शीर्षकगीतात शेवटच्या कडव्यात गायक जॉन लेनन शब्द चुकतो आणि पुढच्या 'कम ऑन'मध्ये त्याचं हसू फुटतं. हे फक्त स्टिरिओत आहे, आणि मला ते फार प्रिय आहे. शिवाय 'ट्विस्ट अँड शाउट' ऐकताना नुसता उजवा कान ठेवा. 11 फेब्रुवारीला एका दिवसात दहा गाणी उरकली, त्यातलं हे शेवटचं. जॉनला सर्दी झालेली, घसा पार सोलवटलेला. तो खरखरीत आवाज वाद्यांच्या आडोशाशिवाय ऐकला की अंगावर काटा येतो.