एक दाढ गेली: ब्रिज की इम्प्लांट?

आईची खालची दाढ काढली तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही पर्याय पुढे ठेवले. ब्रिज म्हणजे शेजारचे दोन्ही दात घासून बारीक करायचे आणि त्यांच्या आधारावर तीन दातांची एकसंध कॅप बसवायची. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं, सुरुवातीचा खर्चही कमी. पण आईचे शेजारचे दात धडधाकट होते. एकदा घासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, परत येत नाही, मला तेच खटकलं.

इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हात लागत नाही. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात आणि हाड त्याला घट्ट धरतं. स्वीडनचे डॉक्टर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये या पद्धतीने पहिल्या रुग्णावर उपचार केले. हाड धरायला बहुतेकदा तीन-चार महिने जातात, वरच्या जबड्यात थोडे जास्तच. मग वर कॅप. एवढा धीर हवाच. फायदा असा की चावण्याचा भार हाडापर्यंत पोचतो आणि ते टिकतं. ब्रिजखालचं हाड मात्र हळूहळू झिजतं आणि त्या फटीत शेंगदाण्याचा कूट अडकत राहतो.

आईला मधुमेह आहे. साखर आटोक्यात आल्यावरच डॉक्टरांनी इम्प्लांटचं काम हाती घेतलं, ते फार बरं झालं. तंबाखू खाणाऱ्यांना किंवा सिगारेट ओढणाऱ्यांना इम्प्लांट न टिकण्याचा धोका जास्त. शेजारच्या दातांना मुळातच कॅप लागणार असेल, तर मी बेलाशक ब्रिज निवडेन.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजली तर हाड जाऊ शकतं. म्हणून आई रोज रात्री जेवणानंतर बारीक ब्रशने त्याच्या कडा साफ करते.